झोपेत अडलेला श्वास आणि रक्ताचा दाब
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या वृत्तपत्र विभागात दुपारी तीनच्या सुमारास डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. लांब मेजाच्या टोकाशी बसलेले एखादे वयस्क गृहस्थ अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदापाशी पोहोचतात, हातातले वृत्तपत्र हळूहळू खाली येते, मान छातीवर टेकते आणि थोड्याच वेळात वाचनालयाच्या शांततेत घोरण्याचा आवाज सुरू होतो. शेजारचे वाचक एकमेकांकडे पाहून हसतात. ग्रंथपाल मेजावर हलकेच टिचकी मारतात. गृहस्थ दचकून जागे होतात, ‘जरा डोळा लागला वाटतं’ असे पुटपुटतात आणि पुन्हा त्याच ओळीपासून वाचू लागतात.

या प्रसंगात विनोद आहे, यात शंका नाही. परंतु अशा गृहस्थांच्या खिशात कित्येकदा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते. गोळ्या दोनाच्या तीन झालेल्या असतात, मीठ कमी झालेले असते, आणि तरीही दाब म्हणावा तसा उतरत नाही. दुपारची डुलकी आणि न उतरणारा दाब या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकेल, अशी शंका ना त्यांना येते, ना त्यांच्या घरच्यांना. तो संबंध कोणता आणि झोपेतल्या विकारावर उपचार केल्याने रक्तदाबावर नेमका किती परिणाम होतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वैद्यकाचा असला, तरी त्याचे पहिले धागे साहित्यात सापडतात. म्हणून ग्रंथालयाच्या सभागृहात तो अगदीच परका ठरू नये.

घोरणाऱ्या माणसाला आपल्या वाङ्मयात सहानुभूती फारशी मिळालेली नाही. रामायणातल्या कुंभकर्णाची झोप आपल्या भाषेत म्हणीसारखी रुजली. ‘ढाराढूर’, ‘खुशाल घोरत पडला आहे’ अशा शब्दप्रयोगांतून एकच समज व्यक्त होतो, की घोरणारा माणूस गाढ, सुखाची आणि निश्चिंत झोप घेत असतो. वस्तुतः स्थिती पुष्कळदा याच्या अगदी उलट असते. जुन्या वैद्यांच्या नजरेतून मात्र ही गोष्ट सर्वस्वी निसटली नव्हती. माधवनिदानात मेदोरोगाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत अतिनिद्रेबरोबर ‘क्रथन’ असा एक शब्द येतो. अकस्मात श्वास अडणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. स्थूल देह, झोपाळूपणा आणि अडणारा श्वास ही तिन्ही लक्षणे एकाच रोगाच्या वर्णनात यावीत, हे त्या निरीक्षणशक्तीला भूषणावह आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाला या विकाराकडे नेणारी वाट तर थेट एका कादंबरीतून गेली. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या 1836-37 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो, निरोप सांगायला आला तरी दारातच पेंगतो आणि घोरतो. वाचक त्याच्यावर शंभराहून अधिक वर्षे हसत राहिले. 1956 साली अमेरिकेतील बोस्टन येथे बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हे रुग्ण मोठ्या हुद्द्यावरचे, एक्कावन्न वर्षांचे गृहस्थ होते. आठवड्याच्या पत्त्यांच्या बैठकीत त्यांच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरच्या खेळात असा हात क्वचितच येतो. परंतु त्याच क्षणी त्यांचा डोळा लागला आणि डाव हातचा गेला. जे अतिस्थूलपणामुळे घडले नाही, ते या एका हुकलेल्या डावामुळे घडले, आणि गृहस्थ रुग्णालयात दाखल झाले. डॉक्टरांनी डिकन्सच्या जोची आठवण ठेवून त्या लक्षणसमूहाला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. वैद्यकाने साहित्याचे ऋण इतक्या उघडपणे मान्य केल्याची उदाहरणे थोडीच असतील.

तथापि त्या डॉक्टरांनीही रुग्ण पाहिला तो मुख्यतः दिवसा. रात्री काय घडते, हे कळण्यास आणखी नऊ वर्षे लागली. 1965 साली फ्रान्समधील मार्सेय येथे गॅस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो यांनी, स्वतंत्रपणे अशा रुग्णांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली. झोपेत त्यांचा श्वास पुनःपुन्हा बंद पडतो, हे त्या नोंदींतून दिसून आले. दिवसाची पेंग हे रात्री मोडलेल्या झोपेचे देणे होते. पुढे 1976 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ या नावाने वर्णन केले. ‘ॲप्निया’ हा शब्द मूळ ग्रीक असून ‘श्वासाचा अभाव’ असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला निद्राश्वासरोध म्हणता येईल.

या श्वासरोधाची क्रिया समजण्यास अवघड नाही. माणूस झोपला की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो, मानेभोवती मेद साठलेला असतो किंवा जबडा मागे असतो, त्यांच्या बाबतीत जीभ आणि पडजिभेकडचा मऊ भाग मागे सरकून श्वासमार्ग बुजवितो. मार्ग अर्धवट बुजला की कंप होतो, तेच घोरणे. पुरता बुजला की आवाज थांबतो. शेजारी झोपलेल्याला वाटते, बरे झाले, शांत झोप लागली. परंतु त्या शांततेतच खरा धोका असतो. छाती आणि पोट श्वास ओढण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, कर्बवायू साठतो. मानेतील धमनीपाशी प्राणवायूची पातळी जोखणारे सूक्ष्म पिंड असतात, ते मेंदूकडे धोक्याची सूचना धाडतात. मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात आणि मोठ्या घुरघुराटासह हवा आत शिरते. सकाळी माणसाला यातले काहीही आठवत नाही. असा खंड दहा सेकंद किंवा अधिक टिकला, तर त्याला श्वासरोध म्हणतात. श्वास पुरता बंद न पडता बराच मंदावण्याच्या वेळाही त्यात धरून तासाला किती खंड पडले याची मोजणी करतात. पाच ते पंधरा असल्यास विकार सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसांच्या वर तीव्र मानतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गळा दाबला जाणे.

आता रक्तदाबाकडे वळू. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची सोय इटलीतील रिव्हा-रोची यांनी 1896 साली केली आणि 1905 साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी नळीने ध्वनी ऐकून दोन्ही आकडे मोजण्याची पद्धत सांगितली. तेव्हापासून दाब मोजला गेला, तो प्रायः जागेपणी आणि दवाखान्यात. निरोगी माणसाचा दाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, दिवसभर राबलेल्या रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा मिळतो. निद्राश्वासरोधाच्या रुग्णाला हा विसावाच मिळत नाही. इटलीतील बोलोन्या येथे लुगारेसी आणि कोकान्या यांनी 1970 च्या सुमारास धमनीतील दाबाची रात्रभर अखंड नोंद घेतली, तेव्हा प्रत्येक श्वासरोधाच्या अखेरीस दाब एकदम उसळी मारतो असे आढळले. संकटकाळी शरीराला सज्ज करणारी जी अनुकंपी मज्जासंस्था, ती अशा रुग्णात रात्रभर रणशिंग फुंकत असते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाचे ठोके वाढतात, दाब चढतो.

हा कल्लोळ पहाटेबरोबर शमला असता, तर प्रश्न एवढा गंभीर झाला नसता. 1995 साली सोमर्स आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूंतील संदेश प्रत्यक्ष मोजून दाखविले, की अशा रुग्णांत अनुकंपी मज्जासंस्था दिवसा, जागेपणीही चढलेलीच राहते. रात्रीचा शत्रू गेला, तरी पहारेकरी शस्त्र खाली ठेवायला तयार नसतात. म्हणून दिवसाही दाब चढा राहतो.

यावर एक आक्षेप साहजिक होता. स्थूल माणसाला श्वासरोधही होतो आणि रक्तदाबही, मग दोहोंचे मूळ स्थूलपणातच का मानू नये? या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या दीर्घ पाहणीने दिले. त्या पाहणीतील 709 व्यक्तींवर चार वर्षे लक्ष ठेवून 2000 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात वय, वजन, मान-कमरेचा घेर, मद्य आणि धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही, तासाला पंधरा किंवा अधिक खंड पडणाऱ्यांना उच्च रक्तदाब जडण्याचे गुणोत्तर, असे खंड मुळीच नसणाऱ्यांच्या मानाने 2.89 पट आढळले. 2003 सालच्या अमेरिकी राष्ट्रीय मार्गदर्शिकेने रक्तदाबाच्या ओळखता येण्याजोग्या कारणांत निद्राश्वासरोधाचा समावेश केला. हा केवळ परदेशी लोकांचा विकार आहे, असेही समजण्याचे कारण नाही. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 19.5 टक्के पुरुषांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला होता आणि 7.5 टक्क्यांत दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार दिसला होता.

कारण सापडले, तर मग कारण दूर केल्यावर परिणाम नाहीसा व्हावा, हा तर्कशास्त्राचा साधा नियम. श्वासरोधावर पहिला खात्रीचा इलाज होता तो गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविण्याचा. तो गुणकारी होता, पण रुग्णाला आयुष्यभर गळ्यात नळी वागवावी लागे. 1981 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरील एका साध्या युक्तीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नाकावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून किंचित दाबाची हवा सतत सोडत राहायची, म्हणजे ती हवाच आतून टेकू देऊन घसा उघडा ठेवते. प्रारंभीच्या यंत्रांत धूळ ओढणाऱ्या झाडूयंत्राची मोटर वापरलेली होती. आज ‘सीपॅप’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र ते हेच. पहिल्याच रात्री घोरणे थांबते आणि कित्येक रुग्ण अनेक वर्षांनंतर ताजेतवाने होऊन उठतात.

रक्तदाबाचे काय होते, हे ठरविण्यासाठी मात्र कठोर परीक्षा आवश्यक होती. यंत्र लावल्याच्या समाधानानेही माणसाचा दाब उतरू शकतो. म्हणून संशोधकांनी काही रुग्णांना पुरेशा दाबाचे यंत्र दिले आणि काहींना दिसायला तसेच, पण घसा उघडा ठेवू न शकणारे दुबळे यंत्र दिले. ऑक्सफर्ड येथे 118 पुरुषांवर केलेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अशा परीक्षेत चार आठवड्यांनंतर दोन गटांतील सरासरी दाबात पाऱ्याच्या 3.3 मिलिमीटरचा फरक आढळला. पुढील वर्षी जर्मनीतून तीव्र विकार असलेल्या 32 रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 10 मिलिमीटरची घट दिसली आणि आशा फार उंचावल्या. त्यानंतर झालेल्या अनेक परीक्षा एकत्र मांडल्यावर मात्र सरासरी उतार दोन ते तीन मिलिमीटरच्या आसपास स्थिरावला. जबडा पुढे धरणाऱ्या दातांच्या साच्यानेही जवळजवळ तितकाच उतार मिळतो, असे 2015 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले.

दोन-तीन मिलिमीटर! एवढ्यासाठी रात्रभर तोंडावर मुखवटा चढवायचा का, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. रक्तदाबाची एक साधी गोळी यापेक्षा पुष्कळ अधिक काम करते. फ्रान्समध्ये त्याच रुग्णांवर आळीपाळीने दोन्ही उपाय करून 2010 साली जी तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात व्हॅल्सार्टन या औषधाने दाब यंत्राच्या कितीतरी पट अधिक उतरला. म्हणून यंत्र आले की गोळ्या बंद, असा हिशेब कोणी केला, तर तो जिवावर बेतू शकतो.

परंतु सरासरी हा आकडा मोठा फसवा असतो. ज्यांचा दाब मुळात वाढलेलाच नाही, त्यांचा उतरणार तरी किती? ज्यांनी यंत्र कपाटावर ठेवले, त्यांना त्याचा गुण कसा यावा? या सर्वांना एका पंक्तीला बसवून सरासरी काढली, की खऱ्या गरजूंचा लाभ त्यात झाकला जातो. तीव्र विकार, चढा दाब आणि यंत्राचा नियमित वापर या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे उतार अधिक दिसतो. तीन किंवा अधिक औषधांनीही ज्यांचा दाब आटोक्यात येत नव्हता, अशा 194 रुग्णांची परीक्षा स्पेनमधील 24 रुग्णालयांनी मिळून केली. तिचा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत यंत्र वापरणाऱ्या गटाचा चोवीस तासांचा सरासरी दाब दुसऱ्या गटाच्या मानाने 3.1 मिलिमीटरने अधिक उतरला. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की रात्री दाब उतरण्याची निसर्गक्रमाची पद्धत यंत्र वापरणाऱ्यांपैकी 35.9 टक्के रुग्णांत दिसली, तर यंत्र नसलेल्यांत ती 21.6 टक्केच होती. म्हणजे काही जणांच्या रक्तवाहिन्यांना हरवलेला विसावा परत मिळाला. उलट दिशेचा पुरावाही आहे. झुरिच येथील 2011 सालच्या परीक्षेत यंत्र नियमित वापरणाऱ्या काही रुग्णांचा उपचार दोन आठवडे थांबविला, तेव्हा त्यांचा सकाळचा वरचा दाब, उपचार चालू ठेवलेल्यांच्या मानाने, सुमारे साडेआठ मिलिमीटरने चढला.

या विषयातील सर्वांत मोठ्या परीक्षांपैकी एकीचा निष्कर्ष 2016 साली आला. भारतासह सात देशांतील, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच जडलेल्या 2717 रुग्णांवर सरासरी 3.7 वर्षे लक्ष ठेवले गेले. यंत्रामुळे घोरणे आणि पेंग कमी झाली, मन प्रसन्न झाले. परंतु हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही. हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. त्याच परीक्षेतील दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे. रुग्णांनी यंत्र वापरले, ते रात्री सरासरी 3.3 तास, म्हणजे अर्धी रात्र श्वास मोकळा आणि अर्धी रात्र पुन्हा तोच गळफास. शिवाय दिवसा फार पेंगणाऱ्यांना त्या परीक्षेत घेतलेलेच नव्हते. तेव्हा यंत्र निरुपयोगी आहे असा निवाडा त्यातून निघत नाही, आणि यंत्र सर्वरोगहारी आहे असाही नाही.

मग उपाय कोणता? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी परीक्षेने त्याची दिशा दाखविली. स्थूल रुग्णांपैकी काहींना केवळ यंत्र, काहींना केवळ वजन घटविण्याचा कार्यक्रम आणि काहींना दोन्ही दिले होते. ज्यांनी दोन्ही उपाय निष्ठेने पाळले, त्यांचा वरचा दाब इतरांपेक्षा अधिक उतरला. विकाराची मुळे दोन आहेत, म्हणून घाव दोन्हींवर घालावा लागतो. 2024 साली टिर्झेपाटाइड या वजन घटविणाऱ्या इंजेक्शनाने श्वासरोधाचे खंड पुष्कळ कमी होतात आणि रक्तदाबही उतरतो, असे दिसून आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत स्थूल रुग्णांतील मध्यम व तीव्र विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. अशी औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. साध्या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या हाती आहेत. रात्रीचे मद्य सोडणे, झोपेच्या गोळ्या मनाने न घेणे आणि उताणे न झोपता कुशीवर झोपणे यांनीही पुष्कळांना उतार पडतो.

या विकाराची एक विलक्षण गोष्ट अशी, की ज्याला तो असतो, तोच त्याचा साक्षीदार नसतो. रोगी झोपलेला असतो, जागी असते ती शेजारची व्यक्ती. अंधारात आवाज एकाएकी थांबल्यावर उठून बसणारी, ‘श्वास चालू आहे ना’ हे पाहण्यासाठी नाकापाशी हात धरणारी आणि पुन्हा घुरघुर सुरू झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणारी पत्नी कित्येक घरांत आहे. सकाळी ती हे सांगते, तेव्हा घरात हशा होतो. स्त्रियांच्या वाट्याला तर तेवढी साक्षही येत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत या विकाराचे प्रमाण वाढते. पण स्त्रीने घोरणे लाजिरवाणे मानले जाते, तिचा थकवा संसाराच्या खाती जमा होतो आणि तिच्यासाठी रात्री जागणारे बहुधा कोणी नसते.

म्हणून दाब तीन औषधांना दाद देत नसेल, सकाळी डोके जड होत असेल, रात्री वारंवार लघवीस उठावे लागत असेल, वाचताना किंवा वाहन चालविताना डोळा लागत असेल, तर वैद्यांकडे जाताना दाबाच्या नोंदवहीबरोबर रात्रीच्या त्या साक्षीदारालाही घेऊन जावे. तिचे किंवा त्याचे दोन शब्द निदानाला मोठा आधार देतात. झोपेची तपासणी आता पुष्कळ ठिकाणी घरच्या घरीही करता येते. यंत्राची किंमत काही हजारांच्या घरात जाते आणि मुखवट्याची सवय होण्यास आठवडे लागतात, हे खरे. पण चष्मा पहिल्यांदा लागला, तेव्हाही माणसे लाजली होती. आज चष्म्याशिवाय कोणतेही वाचनालय उघडून उपयोग नाही.

वृत्तपत्र विभागातल्या त्या गृहस्थांकडे शेवटी पुन्हा वळावेसे वाटते. ग्रंथपालांनी मेजावर मारलेली टिचकी त्यांना पाच मिनिटांपुरती जागे करते. त्यांना खऱ्या अर्थाने जागे करायचे, तर शेजारच्या वाचकाने हसू आवरून, बाहेर पायऱ्यांवर गाठून, आपुलकीने एवढेच विचारले पाहिजे, ‘काका, रात्री झोप नीट लागते ना? आणि दाब किती असतो?’ शंभर वर्षे एका छपराखाली एकत्र बसून वाचणाऱ्या माणसांत एवढी विचारपूस असायला हरकत नाही.